वळवाच्या पावसानंतर मोटरहोममध्ये लाईट नाही? बाहेरून आत या

सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको. दुपारपर्यंत ४२-४३ डिग्री, चारच्या पुढं आभाळ काळं होतंय, आधी वारा, मग धूळ, मग कडकडाट, आणि तासाभरात परत चांदणं. सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीचा पाऊस पण असाच विजा घेऊन येतो. आता मोटरहोम नाहीतर कॅम्पर व्हॅन घेऊन पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, नळदुर्ग असं फिरणारी बरीच नवीन मंडळी दिसायला लागलीत, मुक्काम कुठं तर ढाब्याच्या मागं, मंगल कार्यालयाच्या लॉनवर, नाहीतर ओळखीतल्या कुणाच्या शेतात, आणि एक जोराची वीज कडाडली की गाडीत अंधार. मग लगेच निष्कर्ष: "वीज पडली, सगळं जळलं."

थांबा जरा. वीज खरोखर गाडीवरच पडली असं फार कमी वेळा होतं. जास्त करून काय होतं, तर वीज कुठंतरी लांब लाईनवर पडते आणि तारेतून झटका येतो, किंवा वाऱ्यात खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, ढिला होतो, किंवा डीपीवरचा फ्यूज जातो, किंवा ढाबेवाल्याच्याच बोर्डात पाणी शिरतं. म्हणजे बिघाड गाडीच्या बाहेर असतो आणि आपण आत सीट उचकटून बॅटरी बघत बसतो. म्हणून या लेखात सांगणार आहे ते सगळं एकाच दिशेनं जातं: आधी बाहेरचा बोर्ड, मग केबल, मग गाडीचा एमसीबी (आपोआप उडणारे स्विच) डबा, मग बॅटरी, आणि पंखा-फ्रिज-टीव्ही सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की चांगल्या वस्तू पण जळतात, कारण खराब लाईट बोर्डात तशीच असते आणि तुम्ही आतून एकेक बटण चालू करत सुटता.

पण त्याच्याही आधी, गाडीतून खाली उतरायचं कधी? शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं जाऊ द्या. पाऊस थांबला म्हणजे विजा थांबल्या असं नाही, लांबच्या ढगातून पण पडते. तोपर्यंत लोखंडी बॉडीची गाडी असेल तर काचा लावून आत बसणं चांगलं, फक्त धातूच्या भागाला, चार्जरला, नळाला हात नको. फायबर बॉडीची गाडी असेल किंवा तुम्ही बाजूच्या छतरीखाली, म्हणजे ऑनिंगखाली बसला असाल तर तो आडोसा समजू नका, जवळ पक्की इमारत असेल तर विजा सुरू व्हायच्या आधीच तिथं जा, आणि झाडाखाली तर अजिबात नको. उतरल्यावर पहिली नजर वर आणि मग खाली. तुटलेली तार कुठं लोंबतेय का, जमिनीवर पडलीय का, तळं साचलंय त्यात पडलीय का. दिसली तर किमान दहा मीटर लांब राहा, इतरांना पण थांबवा, आणि १९१२ वर महावितरणला कळवा. तार गाडीवरच पडली असेल तर उतरूच नका, आतूनच फोन करा. आग लागली आणि उतरणं भागच असलं, तर गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशी दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि छोट्या छोट्या सरकत्या पावलांनी लांब जायचं.

वीज पडलेल्या माणसाला हात लावला की आपल्याला पण शॉक बसतो, असा एक गैरसमज अजून चालतो. खरं सांगतो. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसत नाही, त्याच्या अंगात करंट साठून राहत नाही. श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि कुणालातरी १०८ लावायला सांगा.

सगळं तोडून घ्या, मग बघा

आता काम. बोर्डातला प्लग काढायचा, पण थेट हात घालायचा नाही, आधी त्या बोर्डाचं बटण नाहीतर एमसीबी खाली करा, हात कोरडे, पायात रबरी चप्पल किंवा बूट, खाली पाणी साचलं असेल तर कोरडी फळी टाकून त्यावर उभं राहा. बोर्डच ओला असेल तर हात लावू नका, मालकाला मेन बंद करायला सांगा. प्लग निघाला की गाडीतला इन्व्हर्टर बंद, एसीचा, गीझरचा, फ्रिजचा असे सगळे स्विच बंद. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर पण बंद करा, आणि गॅसचा वास येत असेल तर कुठलंही बटण ना चालू करायचं ना बंद, दारं उघडायची आणि बाहेर यायचं.

सोलर असेल तर आधी पॅनलचा स्विच बंद करायचा आणि त्यानंतरच बॅटरी सोडायची, उलटं केलं तर बरेच सोलर कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीत भरणारे डबे, बिघडतात. बॅटरी सोडायची वेळ आलीच तर आधी निगेटिव्ह. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण पान्हा दोन टर्मिनलवर आडवा पडला तर तो लालबुंद होतो आणि अंगठी असेल तर बोट जातं.

मग टॉर्च घेऊन नुसतं बघा आणि वास घ्या. गाडीच्या बाजूला जिथं केबल लागते तो सॉकेट काळा पडलाय का, प्लगच्या पिना वितळल्यात का, अँटेनाच्या बुडाशी डाग आहे का, सोलर पॅनलची काच तडकलीय का, एमसीबी डब्यात करपट वास येतोय का, बॅटरी फुगलीय का किंवा गरम लागतेय का. लिथियम बॅटरी फुगली असेल, तिच्यातून धूर किंवा गोडसर केमिकलसारखा वास येत असेल तर ट्रबलशूटिंग तिथंच संपलं, गाडीपासून लांब व्हा आणि अग्निशमनला फोन करा. छताला भोक, बॉडीला जळका डाग, टायर फुटलेला असं काही दिसलं तर वीज खरोखर गाडीवर पडलेली असू शकते, तेव्हा पण पुढचं काही करू नका, फोटो काढा आणि गाडी ट्रकवर टाकून वर्कशॉपला न्या.

असलं काही नसेल तर पुढं चला.

मीटर कसा धरायचा

पुढच्या सगळ्या कामाला डिजिटल मल्टीमीटर लागतो. नुसत्या टेस्टरवर भागत नाही, टेस्टर फेज, म्हणजे करंट आणणारी तार, आहे एवढंच सांगतो, किती व्होल्ट ते सांगत नाही, आणि इथं तर प्रश्नच किती व्होल्ट हा आहे. मीटर घेताना त्यावर कॅट ३ आणि ६०० व्होल्ट असं छापलेलं बघा. काळी वायर कॉम लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्होल्टच्या भोकात. शेजारी १० अँपिअर लिहिलेलं तिसरं भोक असतं, लाल वायर चुकून त्यात राहिली आणि तुम्ही बोर्डात घातली तर सरळ शॉर्ट, हातात फटाका फुटतो. प्रत्येक वेळी बोर्डात घालायच्या आधी वायर कुठं आहे ते बघायची सवय लावा. बोर्डासाठी मीटर एसी व्होल्टवर, बॅटरीसाठी डीसीवर. एसी म्हणजे वर नागमोडी रेघ, डीसी म्हणजे सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ. आणि मीटरचाच भरवसा आहे का ते बघायला आधी चालू असलेल्या दुसऱ्या एखाद्या बोर्डावर लावून बघा.

पहिली तपासणी बोर्डाची, गाडीची नाही

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण निम्मं रहस्य इथंच सुटतं.

बोर्ड कोरडा आहे हे बघून त्याचं बटण चालू करा, गाडी अजून जोडायची नाही. तीन भोकं असतात: वरचं मोठं अर्थिंग, खाली दोन, बोर्ड समोरून बघितला तर उजवीकडचं फेज, डावीकडचं न्यूट्रल असायला पाहिजे, पण ढाब्यावर ते तसंच असेल याची गॅरंटी नाही. फेज-न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास आलं पाहिजे. दहा टक्के खाली-वर धरलं तर २०७ ते २५३. खेडेगावात संध्याकाळी १८० पण दिसतं, त्यावर एलईडी चालेल, मोबाईल चार्ज होईल, एसी लावायचा नाही. २६० च्या वर दिसलं तर काहीच लावायचं नाही.

आता खरा चोर. वाऱ्या-पावसात थ्री फेज जागेचा, म्हणजे जिथं तीन फेज तारा येतात तिथला, न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला की एका फेजवरचा बोजा आणि दुसऱ्या फेजवरचा बोजा एकमेकांशी भांडायला लागतात, ज्या फेजवर बोजा कमी तिथं व्होल्टेज चढत चढत ३००-३५० पर्यंत, टोकाला ४०० च्या घरात जातं, आणि ज्यावर बोजा जास्त तिथं लाईट मंद. ओळखायची सोपी खूण म्हणजे ढाब्यातले निम्मे बल्ब भगभगीत आणि निम्मे मरगळलेले, किंवा पाण्याची मोटर चालू झाली की काही दिवे उलट जास्त प्रकाश देतात. असं दिसलं तर मीटर लावायची पण गरज नाही, मालकाला सांगा मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा, त्याचा फ्रिज आणि टीव्ही पण वाचेल.

दुसरं, फेज-अर्थिंग मोजा, तिथं पण २३० च्या जवळपास आलं पाहिजे. मग न्यूट्रल-अर्थिंग मोजा, एक-दोन व्होल्ट ठीक, पाचच्या वर असेल तर संशय घ्या, तिथं २३० आलं तर एक तर फेज-न्यूट्रल उलटे आहेत नाहीतर न्यूट्रल तुटलाय. सोलापूरची काळी माती उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते, मग अर्थिंगचा रॉड किडक्या दातासारखा नुसता उभा असतो, मातीला धरून नसतो. मीटरवर अशी कच्ची अर्थिंग पण चांगली दिसते, कारण डिजिटल मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही. वायरमन लोक १०० वॉटचा पिवळा बल्ब होल्डरला लावून तपासतात ते याचसाठी, बल्ब खराखुरा करंट ओढतो. फेज-न्यूट्रलवर बल्ब लावून बघायला हरकत नाही, मीटरवर २३० दिसतंय आणि बल्ब मात्र लागत नाही म्हणजे ते भुताचं व्होल्टेज, कुठंतरी वायर तुटलीय. पण फेज-अर्थिंगमध्ये बल्ब नवख्यानं लावू नये. अर्थिंग तुटलेली असेल तर त्या जागेतल्या सगळ्या मशीनच्या बॉडीला त्या क्षणी करंट येऊ शकतो, दुसराच कुणीतरी चिकटायचा.

शेतात मुक्काम असेल तर एक गोष्ट पक्की: पंपाच्या स्टार्टरच्या पेटीतून लाईन ओढायची नाही. "दोन वायरी घ्या की, काय होतंय" म्हणणारा एखादा भेटतोच. तिथं दोन फेजमध्ये ४०० च्या वर व्होल्ट असतात, आणि शेतीच्या लाईनीवर थ्री फेज येण्या-जाण्याच्या वेळा वेगळ्या, मध्येच सिंगल फेजवर पंप चालवायला कपॅसिटर जोडलेले, त्या पेटीत कुठल्या वायरीला काय आहे हे मालकाला पण सांगता येत नाही. घराच्या बोर्डावरूनच घ्या.

मंगल कार्यालयात जनरेटर चालू असेल तर जनरेटर बंद होऊन महावितरणची लाईट येईपर्यंत गाडी जोडूच नका. आणि लाईट आली म्हणून लगेच पण जोडू नका, वादळानंतर ती पाच-दहा मिनिटांत दोन-तीनदा येते-जाते, आणि प्रत्येक येण्याला झटका असतो.

बोर्डच मेलेला असेल तर? मग गाडीत काही बिघडलंय असं म्हणायला अजून काहीच आधार नाही. दुसऱ्या चांगल्या बोर्डावर न्या आणि पुढं चला.

केबल आणि गाडीचं तोंड

केबलची दोन्ही टोकं सुटी असताना मीटर बीपवर ठेवून तिन्ही वायरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा, प्रत्येक वायर स्वतःशीच बीप करायला पाहिजे, शेजारणीशी नाही. १६ अँपिअरचा प्लग ६ अँपिअरच्या बोर्डात घालायला अडॅप्टर वापरला असेल तर तो आधी बघा, बहुतेक वेळा वितळलेला असतो, फेकून द्या. गाडीच्या सॉकेटमध्ये पावसाचं पाणी असेल तर पुसून उन्हात सुकू द्या, सोलापूरचं ऊन त्यासाठी तरी कामाला येऊ द्या. केबलचं वेटोळं पूर्ण उलगडून टाकायचं, गुंडाळलेल्या केबलवर एसी चालवला तर आतल्या आत शिजते.

आता गाडीतला मेन एमसीबी बंद ठेवूनच केबल जोडा, आणि बॉडीला हात लावायच्या आधी नॉन-कॉन्टॅक्ट टेस्टर (न टेकवता करंट ओळखणारा) बॉडीजवळ न्या. वाजला तर बॉडीला हात न लावता बोर्डाचं बटण बंद करा. हा टेस्टर नसेल तर मीटरची एक वायर गाडीच्या उघड्या लोखंडाला आणि दुसरी ओल्या मातीत ठोकलेल्या खिळ्याला लावून एसी व्होल्ट बघा, शून्याच्या जवळ हवं. गाडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात आणि "ओल असल्यामुळं होतंय ते" असं म्हणून लोक सोडून देतात. ते अर्थिंग तुटल्याचं लक्षण आहे, आणि पावसात अनवाणी पायानं पायरीवर चढणाऱ्या पोरासाठी तो धोका साधा नाही.

एमसीबी डबा

डब्यात तीन जातीच्या वस्तू असतात. एमसीबी जास्त करंटला उडतो. आरसीसीबी, ज्यावर टेस्ट लिहिलेलं बटण असतं, तो करंट जमिनीत गळाला की उडतो, माणसाला वाचवणारा साधारण ३० मिलिअँपिअरचा. आणि काही गाड्यांत एसपीडी असतो, छोटी खिडकी असलेला, खिडकी हिरवी तर जिवंत, लाल तर त्यानं झटका स्वतःवर घेऊन जीव दिला. एसपीडी लाल झाला म्हणून लाईट जातेच असं नाही, पण पुढच्या झटक्याला अडवायला आता कुणी नाही, तेव्हा पुढच्या ढगाच्या आधी बदला.

एमसीबी उडालेला असेल तर दांडी मध्येच अडकल्यासारखी दिसते, आधी पूर्ण खाली दाबायची, मग वर. लगेच परत उडाला तर जबरदस्ती नको.

आरसीसीबी बसतच नसेल तर सगळ्या लाईनींचे, म्हणजे गीझर, एसी, प्लग पॉइंट असे सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा, ज्याच्यावर उडेल ती लाईन खराब. इथं एक मेख आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते: सगळे एमसीबी खाली असताना पण आरसीसीबी उडत असेल तर तो खराब आहे असं लगेच समजू नका. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो, आणि एखाद्या वस्तूत न्यूट्रल आणि अर्थिंग ओलीमुळं चिकटले असतील तर आरसीसीबी तरीही उडतो. मग प्लगमधल्या सगळ्या वस्तू उपटून काढा. गीझर आणि बाहेरच्या बाजूचा सॉकेट हे माझे ठरलेले संशयित. बाहेरचा सॉकेट सुकवला की बरेचदा आरसीसीबी निमूट बसतो. काही झालं तरी त्याला बायपास करून वायर थेट जोडायची नाही, रात्रभर अंधारात काढा, चालेल.

मेन एमसीबीपर्यंत २३० येतंय पण पुढं प्लगला नाही, आणि गाडीत इन्व्हर्टर आहे, तर बघा तुमची लाईन इन्व्हर्टरमधून फिरून जाते का. बऱ्याच गाड्यांत बाहेरची लाईट आणि इन्व्हर्टरची लाईट यांच्यात अदलाबदल करणारा रिले इन्व्हर्टरच्या आतच असतो. झटक्यात तो रिले नाहीतर इन्व्हर्टरचा आतला सर्किट बोर्ड गेला की बाहेरून लाईट येऊनही आत पोचत नाही. इन्व्हर्टर पूर्ण बंद करून पाच मिनिटं थांबून परत चालू करा, डिस्प्लेवर एरर असेल तर त्याचा फोटो काढा. मागं बायपासचं बटण असेल तर त्यावर टाकून रात्र काढता येते.

बॅटरीची बाजू

गाडीतले दिवे, पाण्याचा पंप, छताचा पंखा हे सहसा १२ व्होल्टवर चालतात, त्यांचा बोर्डाच्या लाईटशी थेट संबंध नाही. म्हणून बोर्डाची लाईट ठीक, पण दिवे नाहीत किंवा याच्या उलट असं झालं तर गोंधळू नका, ही दोन वेगळी घरं आहेत आणि मध्ये चार्जर नावाचं दार आहे.

सगळा लोड बंद करून बॅटरीच्या टर्मिनलवर डीसी मोजा. लेड-अॅसिड, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तसली, भरलेली असेल तर १२.७ च्या आसपास, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. १०.५ ला अडकून बसली आणि चार्जिंगवर पण वर येत नसेल तर एक सेल गेलेला असू शकतो. लिथियम फॉस्फेट वेगळी वागते, भरलेली १३.३ च्या आसपास असते आणि बराच वेळ तिथंच राहते. लिथियमवर शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट दिसलं म्हणून घाबरू नका, आतल्या बीएमएसनं, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटनं, झटका बघून दार लावून घेतलेलं असतं. सगळा लोड काढा आणि लिथियमचा चार्जर जोडा, बऱ्याचदा उठते. नाही उठली तर कंपनीच्या माणसालाच दाखवा, खोलू नका.

बॅटरीवर व्होल्ट आहेत पण गाडीत काही नाही, तर मध्ये फ्यूज आहे. बॅटरीपासून फूटभर अंतरात एक मोठा फ्यूज असतो, तो बरेच जण विसरतात. नंतर छोट्या रंगीत फ्यूजचा डबा: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. उपसून काढायची गरज नाही, फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, लाईन चालू ठेवून काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल एकेका ठिपक्याला लावा. दोन्हीकडं १२ तर चांगला, एकीकडंच १२ तर उडालेला. त्याच रंगाचाच घाला. नवा पण लगेच उडाला तर पुढं शॉर्ट आहे, तिथं तार गुंडाळून "जुगाड" करायचा नाही, १२ व्होल्टवर गाड्या पेटतात त्या अशाच.

मग चार्जर. बोर्डाची चांगली लाईट जोडा आणि बॅटरीवर परत मोजा, काही मिनिटांत १३.५ ते १४.४ च्या दरम्यान चढलं पाहिजे. जिथं होतं तिथंच राहिलं तर चार्जर गेला किंवा त्याचा फ्यूज गेला. झटक्यात सगळ्यात आधी मरणारी वस्तू बहुतेक हीच, कारण बाहेरची लाईट थेट हिच्या तोंडावर येते. वाईटातलं चांगलं हे की तो मरताना पुढच्या बऱ्याच गोष्टी वाचवतो. तोवर इंजिन चालू करून बॅटरी चार्ज करता येते, तिथंही मोजा. बीएस-६ गाड्यांत ऑल्टरनेटर (इंजिनवर फिरून चार्ज करणारा) हुशार असतो, आकडा खाली-वर होतो, त्यामुळं एकदाच मोजून निकाल लावू नका.

सोलर सकाळी बघा, रात्री बघून काही कळत नाही. पॅनलची वायर कंट्रोलरपासून सोडून उन्हात मोजा, ३६ सेलच्या पॅनलला २० च्या वर व्होल्ट यायला पाहिजेत. बरोबर निम्मे आले तर पॅनलच्या मागच्या डब्यातला बायपास डायोड शॉर्ट झालाय, विजेच्या झटक्यात हे होऊ शकतं, काच मात्र अगदी चकचकीत असते त्यामुळं कुणाला संशय येत नाही. डायोड स्वस्त आहे, पॅनल बदलायला लगेच तयार होऊ नका. पॅनलचे व्होल्ट बरोबर पण बॅटरीकडं काही जात नाही, तर कंट्रोलर गेला.

आता वस्तू, एकेक करून

दिवे, पंखा, पंप, मोबाईल चार्जर, मग टीव्ही, मग फ्रिज, एसी सगळ्यात शेवटी आणि तो पण लाईट स्थिर होऊन निदान पाच मिनिटं झाल्यावर. प्रत्येक वस्तू चालू केल्यावर थोडं थांबा, वास घ्या. फ्रिजचा दिवा लागतो पण थंड होत नाही, एसीचा रिमोट चालत नाही, एलईडी लुकलुकतात, असं असेल तर बरेचदा आतला छोटा सर्किट बोर्ड गेलेला असतो, पूर्ण वस्तू नाही. बोर्ड दुरुस्त करणारे सोलापुरात आहेत, कंपनी नवा घ्या म्हणेल, आधी त्यांना दाखवा.

ज्या वस्तू गप्प असतात त्या विसरू नका: गॅस गळतीचा अलार्म, धुराचा अलार्म. ते मेलेत हे कळत नाही, टेस्टचं बटण दाबून आवाज येतो का बघा. आवाज नसेल तर त्या रात्री गाडीत गॅस पेटवायचा नाही. आणि गाडीची चावी फिरवून डॅशबोर्ड बघा, इंजिनचा, एबीएसचा, एअरबॅगचा दिवा विझत नसेल तर ते काम घरच्या वायरमनचं नाही, स्कॅनर असलेल्या वर्कशॉपचं. तसंच उलट, ऑटो इलेक्ट्रिशियन १२ व्होल्टचा उस्ताद असतो पण आरसीसीबी त्याला देऊ नका. मोटरहोमची हीच पंचाईत आहे, दोघं पण लागतात आणि दोघं पण एकमेकांकडं बोट दाखवतात, म्हणून वर मोजलेले सगळे आकडे कागदावर लिहून ठेवा, तो कागद दाखवला की वाद होत नाही.

काही जळलेलं सापडलं तर दुरुस्तीच्या आधी विमा कंपनीला कळवा. मोटरच्या सर्वसमावेशक पॉलिसीत वीज पडून झालेलं नुकसान येतं, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. पण नंतर बसवलेला एसी, इन्व्हर्टर, सोलर या वस्तू पॉलिसीत वेगळ्या लिहिलेल्या असाव्या लागतात, त्या नसतील तर तिथं अडतं. जळालेला चार्जर, बोर्ड भंगारात टाकू नका, सर्वेअर आला की तोच मागतो. फोटोत तारीख-वेळ येऊ द्या.

पुढच्या ढगाच्या आधी

सगळ्यात भारी संरक्षण म्हणजे प्लग काढणं, पैसे पण लागत नाहीत. पुण्याच्या आयआयटीएमनं बनवलेलं दामिनी अॅप मोबाईलमध्ये ठेवा, ते आसपास विजा पडतायत का ते दाखवतं. आभाळ भरलं की प्लग उपटा, ऑनिंग गुंडाळा, अँटेना खाली घ्या, आणि हे विजा सुरू व्हायच्या आधी, कडकडाट चालू असताना प्लगला हात लावायला बाहेर पळू नका.

पैसे घालायचेच असतील तर दोन वस्तू घ्या आणि दोन्ही घ्या. टाइप २ चा एसपीडी क्षणभराचा झटका खातो, पण ढिल्या न्यूट्रलचे ३५० व्होल्ट मिनिटभर आले तर तो स्वतःच जळतो, त्याचं ते कामच नाही. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लागतो, एमसीबीच्या शेजारी पट्टीवर बसतो, समोर आकडा दिसतो. त्यात वरची मर्यादा २६० आणि खालची १८० लावा, एसी चालवणार असाल तर खालची २०० करा, आणि लाईट परत आल्यावर जोडायला किती वेळ थांबायचं ते १८० सेकंदांच्या वर ठेवा, म्हणजे वादळानंतरची ती ये-जा तो बाहेरच थोपवून धरतो.